केबिनखालच्या उशा

बोटावरच्या काळ्या ग्रीसमध्ये काहीतरी चमकलं, म्हणून तिने बोट जरा कलतं केलं, बॅटरीच्या उजेडात धरलं, आणि ते पुन्हा चमकलं. सोनेरी, मसुराच्या सालाएवढं, एका कडेला किंचित दुमडलेलं. पूड नव्हती ती. पूड असती तर ग्रीस नुसतं पिवळट दिसलं असतं, चिमटीत चोळल्यावर मऊ लागलं असतं, आणि तिने वहीत ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहून पान उलटलं असतं. हे चोळल्यावर टोचलं. तिने ते नखावर घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, जिभेला लावून बघायचा मोह झाला तो आवरला, आणि तिला तो जुना, लहानपणापासूनचा आनंद झाला – आपल्याला माहीत नाही असं काहीतरी समोर येऊन बसल्याचा – आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली, कारण आजच्या दिवशी तरी हे कोडं पडलं नसतं तर बरं झालं असतं.

घासून होते ती पूड. आपटून होते ती खपली. म्हणजे इथे काहीतरी आपटत होतं.

ती बसली होती ती जागा गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या पोटातली, अवघडून बसावं लागेल अशी. जहाज म्हणायचं ते सवयीने, एरवी तो एक लांबरुंद पोलादी तराफाच; पुढे चाळीस मीटरचा एक हात, हाताच्या टोकाला दात बसवलेलं फिरतं डोकं. ते डोकं पाण्याखाली तळ कुरतडतं, मागचा पंप तो चिखल ओढून घेतो आणि नळातून पार लांब फेकतो. सगळा हात झुलतो दोन पिनांवर, एकेक पिन माणसाच्या कमरेएवढी जाड, आणि पिनेभोवती ब्राँझचं कडं असतं, बुश म्हणतात त्याला. डोक्याचे दात बदलायला यंत्र थांबलं की तेवढ्या दोन तासांत खाली उतरायचं, पिनेत आणि कड्यात किती फट पडली ते मोजायचं, वहीत लिहायचं – हे तिचं काम. डेकवरची माणसं तिला पाठीमागे ‘झीजबाई’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही. नुसत्या मॅडमपेक्षा बरं.

फट चार महिन्यांत दुप्पट झाली होती. दातसुद्धा पूर्वी पाच दिवस चालायचे ते आता तीन दिवसांत बोथट, आणि बोथट तरी कुठे, टोकं उडालेली. पिन अशीच ढिली होत गेली तर एक दिवस हात निखळणार, आणि निखळताना त्याच्या तारा कुणाच्या अंगावर येतील ते सांगता येत नाही. सकाळी साहेबांचा फोन आला होता. कामाचे मुख्य ते, आवाज नेहमी शांत, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटावी असे. ग्रीस तपासलं? तपासलं. धातू तपासला? तपासला, चोख आहे. “मग उरलं काय?” साहेब म्हणाले होते, “चार महिन्यांपूर्वी तुम्ही केबिनखाली त्या रबराच्या उशा घातल्यात, ते एक. नाहीतर मग…” आणि पुढचं त्यांनी सौजन्याने गिळलं होतं. नाहीतर मग चालवणारा. पाच वाजेपर्यंत कारण लेखी द्या, म्हणाले. उशा असतील तर काढून टाकू, माणूस असेल तर माणूस बदलू.

उशा तिच्या होत्या. माणूसही तिचाच होता. केबिनमध्ये बसून तो चाळीस मीटरचा हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवणारे, ज्यांना सगळं जहाज मास्तर म्हणायचं, ते तिचे वडील.

ती वर आली. दात बदलून झाले होते, यंत्र सुरू व्हायची घंटा झाली, आणि पायांखालचा पत्रा थरथरायला लागला – तो सुरुवातीचा थरथराट, मग पंपाचा घोगरा सूर, मग दूर पाण्याखाली दात तळाला लागल्याचा पहिला दणका. तिने कठड्याला हात लावला. कठड्यात होता तो. खांबात होता. मागच्या डब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली, म्हणजे तिथवर पोचला होता. लहानपणी याच प्रश्नाने तिने बाबांचं डोकं खाल्लं होतं. दणका जातो कुठे? हातोडा मारला की खिळा आत जातो, ते दिसतं. पण दगडावर मारला तर दगड जागेवर, हातोडा जागेवर – मग जातो कुठे? बाबांनी आधी हसण्यावारी नेलं, मग विचार केला, मग दोन दिवसांनी जेवताना सांगितलं होतं, जात नाही, वाटून घेतात सगळे. थोडा दगड, थोडा हातोडा, थोडं मनगट. मग मनगटातून कुठे? “अगं भुंग्या, जेवू दे की मला,” बाबा म्हणाले होते. तेव्हापासून ती घरात भुंगा.

पुढे शिकल्यावर कळलं की रबर दणका घेतं आणि तापतं. एवढंच. पहिल्यांदा प्रयोगशाळेत यंत्रातून काढलेल्या रबराच्या ठोकळ्यावर तिने तळहात ठेवला होता, आणि तो कोमट होता, आत्ताच कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीसारखा. हा दणकाच होता तर! इतका मऊ होऊन आला होता हातात. त्या दिवशी तिने ठरवून टाकलं होतं की आयुष्यभर हेच करायचं.

आणि केलं. पण केबिनखालच्या त्या बारा उशा केल्या त्या यंत्रासाठी नाही. कागदावर यंत्रासाठीच होत्या, मीटर टिकावेत, काचा तडकू नयेत वगैरे. साहेबांना तेच सांगितलं होतं. खरं कारण घरी कपाटामागे उभं करून ठेवलं होतं, मोठ्या पिवळ्या पाकिटात. कंबर धरते म्हणून बाबांचा एक्स-रे काढला, तो दाखवायला आई आणि ती दोघीच गेल्या, बाबा कामावर होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली आणि म्हणाले, खालच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या पार झिजल्यात. ही नोकरी वर्षभरात सोडायला लावा, नाहीतर नसा दाबल्या जातील, पायांतली ताकद जाऊ शकते, आधी बधिरपणा येईल, मग… घरी आल्यावर तिने फिल्म खिडकीला लावली होती आणि मापायचा कॅलिपर घेऊन त्या गाद्यांची फट मोजली होती. आई बघत राहिली होती. “काय मोजतेस गं,” आई म्हणाली होती, “मापून वाढणार आहे का ते?” पण तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. झीज दिसली की मोजायची.

बाबांना सांगितलं, थोडी सूज आहे. चॅनलचा गाळ उपसायचं हे काम संपलं की सांगू, असं दोघींचं ठरलं. हे शेवटचं मोठं काम, त्यांच्या तोंडचा घास कशाला काढायचा. आई रोज सकाळी त्यांच्या कमरेला पट्टा बांधायची, आरशासमोर, आणि पट्टा आवळताना डोळे खाली ठेवायची. मुलीने उशा केल्या. घरातलं प्रत्येकजण आपापल्या परीने काहीतरी मऊ घालत होतं मध्ये.

आणि आता या उशांमुळे पिन आपटत असेल तर? पण कशी? केबिन एकीकडे, पिन दुसरीकडे. तिने गेले दोन आठवडे आकडेमोड करून पाहिली होती, मागून पुढून, आणि कुठेच धागा लागत नव्हता. तरी काळ जुळत होता. उशा बसल्या आणि झीज वाढली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि भीती बाजूला ठेवली – ती ठेवता येत नव्हती, पण ठेवली असं समजू – तर ते कुठे मुरतंय हे जाणून घ्यायची तिला नुसती तहान लागली होती.

पंपाजवळ तेलवाले काका डबा पालथा घालून बसले होते. वीस वर्षं याच जहाजावर तेलपाणी बघणारे, मास्तरांच्या बरोबरीचे. ग्रीसची बरणी तिच्या हातात बघून त्यांनी विचारलं, सापडलं का काही. तिने खपली दाखवली. काकांनी चष्मा वर करून पाहिली आणि मान हलवली, जणू काही त्यांच्याच दाताची होती. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या, यंत्र म्हातारं झालं, आपण झालो, आणि बोलता बोलता काका हसून म्हणाले,

“मास्तर तर हल्ली साहेब झालेत. बूट घालून चालवतात.”

“म्हणजे?”

“बूट हो. कॅनव्हासचे. इतकी वर्षं अनवाणी चालवलं, आता बूट. म्हटलं, काय मास्तर, नवरदेव? तर म्हणाले, फरशी गार लागते.”

ती हसली, आणि हसता हसता थांबली.

…सात वर्षांची असेल ती. सुट्टीचा दिवस, बाबांनी जहाजावर आणलेली, केबिनच्या दाराशी दोघांच्या चपला शेजारी शेजारी काढलेल्या, एक एवढी मोठी आणि एक एवढीशी. बाबा खुर्चीत, ती त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी, अनवाणी, पोलादी फरशी तळव्यांना गुदगुल्या करणारी. “काय आहे खाली?” बाबा विचारायचे. डोळे मिटून सांगायचं. चिखल असला की फरशी नुसती गुणगुणायची. वाळू आली की बारीक मुंग्या. शिंपल्यांचा थर आला की खडबड, मध्ये मध्ये तुटणारी, आणि टणक माती – ती आली की आधी एक खोल, जडसा ठोका यायचा टाचेत, एकच, आणि बाबांचा हात दांडीवर लगेच मागे, हात हळू, दात हळू, असं लाडीगोडी लावल्यासारखं. समोरच्या मीटरचा काटा त्यानंतर हलायचा. “काटा सांगतो,” बाबा म्हणायचे, “पण उशिरा सांगतो. तोवर यंत्राला लागलेलं असतं.” तिसऱ्या खेपेला तिने टणक माती बरोबर ओळखली होती, आणि बाबांनी तेलवाल्या काकांना, पंपवाल्याला, सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं…

मी हे कसं विसरले. सगळं शिकले, रबर किती दाबलं तर किती तापतं ते शिकले, थरथर म्हणजे शत्रू हे शिकले, आणि त्या थरथरीतून हा माणूस तळ वाचतो एवढंच विसरले. त्याच्या पायांखाली मी गादी घातली आणि त्याचे डोळे बांधले. आता त्याला टणक तळ आलेला कळत नाही, हात भरवेगात जाऊन धडकतो, काटा हलेपर्यंत चार-पाच तडाखे पिनेने खाल्लेले असतात, आणि प्रत्येक तडाख्याची एक सोनेरी खपली. धागा लागला होता. इतका साधा, की वहीत एका ओळीत मावला असता.

केबिनकडे चढताना तिला हलकं वाटत होतं, हे खरं. चूक आपली निघाली की माणूस कसा सुटतो. बाबांवर आळ नाही, उशा काढू, मास्तरांचे पाय मास्तरांना परत… आणि मधल्या पायरीवर ती थबकली. उशा काढल्या की दणके पुन्हा सरळ वर, खुर्चीत, त्या दोन गाद्यांमध्ये. तिने मापलेल्या फटीत. म्हणजे सुटलं काहीच नव्हतं. यंत्राचं दुखणं काढून माणसाला द्यायचं, किंवा माणसाचं काढून यंत्राला. वाटून घेतात सगळे.

केबिनमध्ये बाबा काचेतून समोरच्या गढूळ पाण्याकडे बघत होते, दोन्ही हात दांड्यांवर. तिला बघून म्हणाले, “या मॅडम.” कामावर ते तिला मॅडम म्हणायचे, ती त्यांना मास्तर, हा त्यांचा दोघांचा विनोद नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा. पायांत खरंच बूट होते, निळे, नाडी घट्ट बांधलेले.

तिने आडवळण घेतलं नाही. खपली दाखवली, पिनेचं सांगितलं, आणि विचारलं, या फरशीतून आता तळ कळतो का.

बाबांनी दांडी ढकलली. हात उजव्या टोकाला गेला, थांबला, परत निघाला.

“नाही कळत,” ते म्हणाले. “चार महिने झाले.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू एवढ्या हौसेनं केलंस. बारा उशा, प्रत्येकीवर नंबर घातलेस रंगानं. मला दाखवायला आणलंस तेव्हा तुझं तोंड बघायला हवं होतंस.” त्यांनी दांडी किंचित पुढे केली. “म्हटलं, काट्यावर चालवू. शिकू नव्यानं. जमेल.”

तिला एकदम रडू आलं आणि ते तिने खिडकीकडे तोंड करून परतवलं. चार महिने हा माणूस आंधळ्यासारखा चालवत होता, साहेबांची बोलणी मूग गिळून ऐकत होता, कशासाठी, तर मुलीचा हिरमोड होऊ नये म्हणून. ती त्यांच्यापासून लपवत होती आणि ते तिच्यापासून, आणि मधल्या त्या पिनेने दोघांचंही सोसलं होतं. उशा आजच काढायला सांगते, ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. बाबा म्हणाले, बघू, घाई काय.

मग का कुणास ठाऊक – खोड, दुसरं काय, सोडून जाण्याआधी एकदा हात लावून बघायची खोड – ती वाकली, स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि अनवाणी उभी राहिली. रबराने किती खाल्लं ते तरी कळेल. फरशी गार नव्हती. तळवे टेकले, डोळे मिटले.

पहिल्यांदा काही नाही. मग, खूप लांबून आल्यासारखं, गुणगुणणं. पूर्वीइतकं नाही, पण होतं. मग मुंग्या, वाळूच्या, अगदी पुसट. तिला आठवलं की रबर निवडताना तिनेच मांडणी केली होती. वरचा चुरचुरता दणका रबराने खायचा, खालचा संथ, जड ठोका पूर्ण खाल्ला तर केबिन होडीसारखी डुलेल, म्हणून तो थोडा येऊ द्यायचा… थोडा येऊ द्यायचा. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आणि तो आला. टाचेत. खोल, जडसा, एकच. टणक माती. सात वर्षांच्या मुलीलाही ओळखता आला असता इतका स्पष्ट.

तिने डोळे उघडले. बाबांचा हात दांडीवर तसाच होता, पुढे. एक, तिने मोजलं. दोन. तीन. जहाजाच्या पुढच्या अंगाला, जिथे ती मघाशी वाकून बसली होती, तिथून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. चार. काटा हलला. आणि मग बाबांनी दांडी मागे घेतली, हळू, लाडीगोडी लावल्यासारखी, अगदी पूर्वीसारखी – फक्त उशिरा.

रबरातून येत होतं. फरशीत होतं. बुटांनी अडेल असला नव्हता तो ठोका.

आधी बधिरपणा येईल, डॉक्टर म्हणाले होते.

तिने त्यांच्या निळ्या बुटांकडे पाहिलं. नाडी इतकी घट्ट की वरची त्वचा फुगून आली होती. एवढं आवळलेलं टोचायला हवं कुणालाही. फरशी गार लागते म्हणाले काकांना. फरशी गार नव्हती. यांना माहीत आहे? की त्यांनाही खरंच वाटतंय की सगळं रबराने केलं, आणि उशा काढल्या की पाय परत बोलायला लागतील? की बूट घातले तेच यासाठी, की न कळण्याला काहीतरी कारण असावं… विचारता आलं असतं. भुंगा ती, कुणाला काय काय विचारलं नव्हतं तिने. पण हा प्रश्न असा होता की तो विचारणं म्हणजेच सांगणं.

“कळतंय का काही?” बाबांनी विचारलं. ते समोर पाण्याकडेच बघत होते. मग थोडं हसून, त्या जुन्या खेळातल्या आवाजात, “काय आहे खाली?”

पाच वाजायला अजून सव्वा तास होता. काहीच कळत नाही, असं म्हटलं की झालं. उशा निघतील, खापर रबरावर फुटेल, बाबांची खुर्ची राहील, आणि दणके सरळ त्या दोन झिजलेल्या गाद्यांत जातील. टणक आहे, असं म्हटलं की त्यांच्या पायांचं त्यांना कळेल, माझ्या तोंडून, इथे, त्यांच्याच केबिनमध्ये. दोन्ही उत्तरं तिच्यापाशी तयार होती. आणि तिला, एवढ्या सगळ्यातही, ती जुनी तहान लागली होती, फक्त आता ती यंत्राकडे वळत नव्हती: हा माणूस विचारतोय ते जुना खेळ म्हणून, की स्वतःच्या पायांचं माझ्याकडून ऐकायला? इतकी वर्षं दणका जातो कुठे हे शोधत हिंडले, आणि तो जिथे रोज संध्याकाळी बाबांबरोबर घरी येऊन बूट काढायचा, तिथे मी कधी वाकून पाहिलं नाही.

हात पुन्हा उजवीकडून निघाला होता. तळव्यांखाली गुणगुण आली, मुंग्या आल्या, आणि पुढे काय येणार ते तिला आधीच ठाऊक होतं; या वेळी तिने डोळे मिटले नाहीत, आकडेही मोजले नाहीत, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि तोंडाशी आलेल्या हाकेत मास्तर नव्हतं, बाबा होतं.